स्पिरुलिनातून निळा काढायला जावं तर हिरवा का येतो, आणि उरलेल्या लगद्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. सोलापूर जिल्ह्यात तुमचे स्पिरुलिनाचे, म्हणजे खायच्या निळ्याहिरव्या शेवाळाचे, टाके आहेत, आत्तापर्यंत माल उन्हात वाळवून पावडर विकत होतात, भाव मिळेना म्हणून त्यातला निळा रंग, म्हणजे फायकोसायनिन, काढायचं ठरवलं. पावडर गरम पाण्यात भिजवली, मिक्सरला फिरवली, फडक्यातून गाळली आणि हातात आलं शेवाळी हिरवं पाणी, दुसऱ्या दिवशी त्याला घाण वास. आता तुम्ही विचारताय की सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवून काढणारं द्रव, कुठलं घेऊ, हेक्झेन हे पेट्रोलच्या जातीचं द्रव चालेल का, आणि निळा निघाल्यावर त्याच मालातून हिरवं क्लोरोफिल आणि नारिंगी बीटा कॅरोटीनपण काढता येईल का.

मी या कामात बरीच वर्षं आहे, शेवाळ, झेंडू, हळद असं सगळं हाताळलंय, आणि मला मनापासून वाटतं की तुमचा माल वाया जाऊ नये, म्हणून जरा लांबण लावून लिहितो. सॉल्व्हंटचा प्रश्न सगळ्यात शेवटी घेऊ कारण निळ्यासाठी सॉल्व्हंट लागतच नाही, लागतं ते पाणी, आणि तुमचा रंग पाण्यात जायच्या आधीच मेलेला होता.

फायकोसायनिन हे प्रोटीन आहे, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं. क्लोरोफिल, कॅरोटीन, झेंडूतलं ल्युटीन, हळदीतलं कर्क्युमिन हे छोटे रेणू, तेलात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळणारे, थोडी उष्णता सोसणारे. फायकोसायनिन तसं नाही, प्रोटीनच्या घडीत एक निळा रेणू अडकवलेला असतो आणि ती घडी शाबूत आहे तोवरच तो असा झळझळीत निळा दिसतो. घडी उलगडली की रंग फिका पडतो, राखाडी होतो, संपला. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर परत पातळ होत नाही तसंच हे, एकदा बिघडलं की कुठल्याही बफरनं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणानं) परत येत नाही. पाण्यातला अर्क साधारण 45 अंशांच्या वर गेला की निळा झपाट्यानं पडायला लागतो, पीएच 5 ते 7.5 च्या बाहेर गेला तरी तेच, उजेडात ठेवला तरी हळूहळू तेच. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात काळ्या प्लास्टिकवर पसरलेला माल किती तापत असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

वाळवण्यात किती जातं याबद्दल मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून 1999 साली काम प्रसिद्ध झालंय, त्यांनी स्प्रे ड्रायर, ओव्हन वगैरे वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवून बघितलं आणि जवळपास निम्मं फायकोसायनिन वाळवण्यातच गेलं. आणि हे व्यवस्थित यंत्रांमध्ये, उघड्यावर उन्हात वाळवल्यावर हाल त्याहून वाईट असू शकतात. म्हणजे पावडर खायला चालेल, प्रोटीन म्हणून चालेल, पण निळा काढायचा असेल तर पावडर हा चुकीचा कच्चा माल आहे. तुमच्याकडे टाके आहेत, ओला ताजा लगदा रोज हातात येतो, ही खरं तर मोठी जमेची बाजू आहे, बाहेरून पावडर विकत घेऊन रंग काढणाऱ्याकडे हे नसतं.

आता हिरवा का आला. स्पिरुलिनाची पेशी फोडायला फार सोपी, तिच्या भिंतीत सेल्युलोज नाही. क्लोरेला या दुसऱ्या शेवाळाची भिंत टणक असते, आणि हिमॅटोकोकस नावाच्या शेवाळाच्या लाल झालेल्या पेशीचं कवच तर इतकं चिवट की मण्यांच्या गिरणीत दळावं लागतं, तेव्हा कुठे त्यातला अस्टाझँथिन हा लाल रंग बाहेर येतो. स्पिरुलिनाला ही मारामारी लागत नाही. पेशीच्या आत हिरवे पडदे असतात, क्लोरोफिल त्या पडद्यांत रुतलेलं असतं, आणि फायकोसायनिनचे गठ्ठे त्या पडद्यांच्या वर बाहेरून चिकटलेले असतात. पेशी हळू उघडली तर निळे गठ्ठे सुटून पाण्यात येतात आणि पडदे मोठ्या तुकड्यांत खाली बसतात. मिक्सरला जोरात फिरवलं की पडद्यांचा भुगा होतो, इतका बारीक की फडकं सोडा, साध्या सेंट्रिफ्यूजमध्येही (गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या यंत्रात) खाली बसत नाही. तुम्हाला दिसलेला हिरवा रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, क्लोरोफिल पाण्यात विरघळतच नाही, तो भुगा तरंगत होता. त्यात उन्हानं आणि गरम पाण्यानं निळा आधीच कमी झालेला, मग नजरेला हिरवाच दिसणार.

म्हणून कोणी सांगितलं की जास्त वेळ ब्लेंड करा, अल्ट्रासाउंड जास्त द्या, म्हणजे जास्त निघेल, तर ऐकू नका. निघेल जास्त, पण सगळंच निघेल आणि नंतर वेगळं करता करता जीव जाईल.

पद्धत सांगतो, छोट्या प्रमाणावर करता येईल अशी. सकाळी लवकर काढणी करा, कापडावर आलेला लगदा स्वच्छ पाण्यानं पटकन धुवा म्हणजे सोड्याचं पाणी निघून जाईल. धुताना खाली पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा, ते निळसर व्हायला लागलं म्हणजे पेशी फुटायला लागल्या आणि तुमचा रंग मोरीत चाललाय, तिथेच थांबायचं. मग दाबून पाणी काढा, चांगला दाबलेला लगदा साधारण 20 टक्के सुका माल आणि 80 टक्के पाणी असा असतो. तो पातळ थरात पिशव्यांमध्ये भरून डीप फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांना रात्रभर. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचा, बाहेर उन्हात नाही. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात, ते भिंत फाडतात, पण आतले पडदे भुगा होत नाहीत. दोनदा तीनदा गोठवलं वितळवलं की बहुतेक पेशी उघडतात. यंत्र काय लागलं, एक फ्रीझर. मला विचाराल तर तुमच्या पातळीवर यापेक्षा चांगली पद्धत नाही, वेळ लागतो एवढंच.

मग त्यात थंड पाणी. 250 ग्रॅम लगद्याला 800 मिली घ्या, लगद्यातलं पाणी धरून एकूण साधारण 1 लिटर होतं, हिशोबाला सोपं. नुसत्या आरओच्या पाण्यापेक्षा फूड ग्रेड सोडियम फॉस्फेटचा पीएच 7 चा बफर बरा, कारण तुमचा टाक्याचा पीएच 10 च्या आसपास असतो आणि धुवूनही थोडा सोडा लगद्यात राहतोच, नुसत्या पाण्यात मिश्रण 9 वर जाऊन बसतं आणि निळा टिकत नाही. पीएच मीटर नसेल तर घ्याच, अंदाजपंचे हे काम होत नाही. सायट्रिक अॅसिडनं पीएच खाली आणत असाल तर पातळ करून थेंब थेंब, ढवळत ढवळत घाला, एकदम ओतलं की ज्या जागी पडेल तिथला रंग गोळा होऊन खाली बसतो. भांडं स्टीलचं किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचं, तांब्यापितळेचं नको, वर झाकण, खोलीत ऊन नको. लाकडी पळीनं हळू ढवळत राहा, दोनेक तासांत पाणी गडद निळं होतं. काही जण पाण्यात साधारण 1 टक्का कॅल्शियम क्लोराईड घालतात, त्यानं हिरवे पडदे एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ मिळतं, पण फॉस्फेटचा बफर आणि कॅल्शियम एकत्र नको, पांढरा साका होतो, दोन्हीपैकी एकच काहीतरी ठरवा.

निवळून घ्यायला सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम, नसेल तर फ्रीजमध्ये उभं ठेवून वरचं पाणी अलगद काढा आणि फिल्टर एड म्हणून जी डायटोमाइट माती मिळते तिच्या थरातून गाळा.

निळा जिवंत आहे का हे यंत्राशिवायही कळतं. काचेच्या ग्लासात पातळ केलेला अर्क घ्या, उन्हात धरा, मागे काळा कागद, आणि बाजूनं बघा. आरपार बघितलं तर निळा आणि बाजूनं बघितलं तर लालसर चमक दिसली पाहिजे. ती फ्लुओरेसन्स आहे, म्हणजे उजेड शोषून वेगळ्या रंगाचा उजेड परत टाकणं, घडी शाबूत असलेल्या फायकोसायनिनचीच असते, घडी मोडली की चमक जाते. कोणी बाजारात निळा सिंथेटिक रंग स्पिरुलिनाचा म्हणून खपवत असेल तर त्यालाही ही लाल चमक नसते, गिऱ्हाईकाला समोर दाखवायला चांगली गोष्ट आहे.

पण विकायचं असेल तर आकडा लागतो. जवळच्या फार्मसी कॉलेजमध्ये यूव्ही व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रव कुठल्या रंगाचा उजेड किती शोषतं ते मोजणारं यंत्र, असतोच, विनंती केली तर करून देतात. तीनचार रीडिंग मागा, 280, 615, 620 आणि 652 नॅनोमीटरला. 1973 पासून सगळे जे समीकरण वापरतात ते असं, 615 च्या रीडिंगमधून 652 च्या रीडिंगची 0.474 पट वजा करायची आणि उत्तराला 5.34 नं भागायचं, आलं ते मिलिग्रॅम प्रति मिली. उदाहरण घेऊ. समजा अर्क 40 पट पातळ केला, 615 ला 0.80 आलं, 652 ला 0.25 आलं. 0.25 गुणिले 0.474 म्हणजे 0.1185, ते 0.80 मधून गेलं की 0.6815, त्याला 5.34 नं भागलं की 0.128, गुणिले 40 म्हणजे 1 मिलीमध्ये 5.1 मिग्रॅ. तुमच्या 1 लिटरमध्ये झाले 5.1 ग्रॅम, आणि 250 ग्रॅम लगद्यात सुका माल होता 50 ग्रॅम, म्हणजे सुक्यावर 10 टक्के निघालं. चांगल्या स्पिरुलिनात 10 ते 15 टक्के सहज असतं, कधी त्याच्याही वर, तेव्हा हे पास झालं म्हणायचं.

दुसरा आकडा शुद्धतेचा, 620 चं रीडिंग भागिले 280 चं. 280 ला सगळीच प्रोटीन्स दिसतात आणि 620 ला फक्त निळं, म्हणून हे गुणोत्तर सांगतं की एकूण प्रोटीनमध्ये निळं किती. 0.7 च्या वर गेलं की खाण्याच्या रंगाला चालतं असं धरतात, 3.9 ला रीएजंट ग्रेड, 4 च्या वर अॅनालिटिकल. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. इंटरनेटवर 4 च्या वरच्या मालाचे भाव बघून लोक हुरळून जातात आणि घरच्या निळ्या पाण्याला तो भाव लावून हिशोब मांडतात. 0.7 पासून 4 पर्यंतचा रस्ता म्हणजे अमोनियम सल्फेटनं टप्प्याटप्प्यानं साका पाडणं, डायलिसिस, मग क्रोमॅटोग्राफीचे कॉलम, प्रत्येक पायरीला माल कमी होत जातो आणि घेणारे जगात मोजके, तेही कागदपत्रं आणि सातत्य बघून घेणारे. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. खाण्याच्या रंगात राहा. तिथे व्यापारी लोक शुद्धतेपेक्षा रंगाची ताकद बघतात, ई18 वगैरे नावं ऐकली असतील, 1 टक्क्याच्या द्रावणाचं 618 ला येणारं रीडिंग 18 म्हणजे ई18, पावडरमध्ये ट्रेहॅलोजसारखी साखर मिसळून ते ठरलेल्या आकड्यावर आणून विकतात.

टिकवणं ही खरी डोकेदुखी. पीएच 7 चं, प्रोटीननं भरलेलं, गोडं पाणी म्हणजे जिवाणूंना मेजवानीच, तुमच्या अर्काला रात्रीत वास आला त्यात नवल काही नाही. काढल्यापासून शेवटपर्यंत 4 अंशांवर ठेवायचं, शक्य तर 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं, आणि साखर घालायची, 20 टक्के किंवा जास्त, साखरेच्या दाट पाण्यात प्रोटीनची घडी जास्त टिकते. आटवण्यासाठी गॅसवर ठेवणं बादच. अल्ट्राफिल्ट्रेशनचा छोटा मेंब्रेन सेट मिळतो, त्यातून पाणी आणि मीठ निघून जातं आणि निळं मागे राहतं, पुढे पैसे आले तर पहिली खरेदी ती करा, ड्रायर नंतर.

आणि गिऱ्हाईक निवडताना पीएच बघून निवडा. लिंबू सरबत, कोकम, आंबट जेली यात हा निळा जाणार नाही, पीएच 4 च्या आसपास तो साका होऊन खाली बसतो. श्रीखंडसुद्धा आंबटच, तिथेही धोका आहे. कुल्फी, आईस्क्रीम, केकवरचं आयसिंग, पेढ्याबर्फीवरचा वरून लावायचा रंग, हे योग्य, बर्फीत घालायचा तर थापायच्या आधी मिश्रण कोमट झाल्यावर. अमेरिकेत एफडीए या अन्न आणि औषध खात्यानं 2013 साली स्पिरुलिनाच्या अर्काला रंग म्हणून पहिली परवानगी दिली ती गोड गोळ्या आणि च्युइंगगमसाठीच, नंतर यादी वाढत गेली. आपल्याकडे विकायच्या आधी एफएसएसएआयच्या परवान्यात तुमचा माल रंग म्हणून बसतो की पूरक आहार म्हणून हे लेखी विचारून घ्या, लेबल त्यावर अवलंबून आहे. सोबत जड धातू आणि जिवाणूंची तपासणी, उघड्या टाक्यांचा माल असेल तर मायक्रोसिस्टिन या शेवाळी विषाचीपण, कारण दुसरं एखादं निळंहिरवं शेवाळ घुसलं तर नजरेला कळत नाही आणि हे लोकांच्या पोटात जाणार आहे.

आता एक मुद्दा जो तुम्ही विचारला नाहीत पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रंग किती निघणार हे टाक्यात ठरतं. स्पिरुलिनासाठी फायकोसायनिन हे ऊन गोळा करायचं साधन आहे आणि नायट्रोजनचा साठापण आहे. टाक्यात नायट्रेट कमी पडलं की पेशी आधी स्वतःचं निळं मोडून खाते, कल्चर पिवळट हिरवं दिसायला लागतं, मग तुम्ही कितीही गोठवा वितळवा, जे नाहीच ते कुठून निघणार. कडक उन्हातही तसंच, उजेड भरपूर असला की पेशीला इतकं निळं बाळगायची गरज राहत नाही. म्हणून रंगासाठी वाढवायचं तर शेडनेट लावा, उन्हाळ्यात नक्कीच, नायट्रेट वेळेवर द्या, वाढीचा वेग थोडा कमी झाला तरी चालेल, कल्चर गडद निळसर हिरवं दिसलं पाहिजे. कॅरोटीनचं बरोबर उलटं असतं. ड्युनॅलिएला नावाचं जे खारट पाण्यातलं शेवाळ आहे त्याला कडक ऊन, जास्त मीठ आणि नायट्रोजनची उपासमार असे हाल दिले की ते बीटा कॅरोटीन साठवून नारिंगी होतं, सुक्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे निळ्याला सुख लागतं आणि नारिंगीला त्रास, एकाच टाक्यातून एकाच वेळी दोन्ही भरपूर मिळायची अपेक्षा ठेवू नका.

आपल्या लोणारच्या सरोवराचं उदाहरण बघा ना, एरवी ते हिरवं दिसतं कारण सोड्याचं पाणी, त्यात स्पिरुलिना आणि तिची भावंडं आपोआप वाढतात. जून 2020 मध्ये पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि सगळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की मिठात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढलेत, त्यांच्यातल्या कॅरोटीनच्या जातीच्या रंगानं पाणी गुलाबी दिसतंय. पाऊस पडून पाणी वाढलं की रंग परत गेला. परिस्थिती बदलली की रंगाचं सगळं गणित बदलतं, ते तिथे अख्ख्या सरोवरानं दाखवलं. (तिथून कल्चर आणायला जाऊ नका, अभयारण्य आहे ते.)

आता हेक्झेन. तुमच्या उरलेल्या लगद्यात काय आहे ते आधी बघू. स्पिरुलिनात क्लोरोफिल सुक्यावर साधारण 1 टक्का, सगळी कॅरोटिनॉइड्स (कॅरोटीनच्या जातीचे पिवळे-नारिंगी रंग) मिळून अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, त्यात बीटा कॅरोटीन निम्मं धरा. म्हणजे 100 किलो सुक्या लगद्यातून सगळं काही व्यवस्थित झालं तरी पाव किलो बीटा कॅरोटीन, आणि त्यासाठी शेकडो लिटर सॉल्व्हंट फिरवायचं, परत मिळवायचं, मालातून शेवटच्या अंशापर्यंत काढायचं. बाजारात तुमची स्पर्धा ड्युनॅलिएलावाल्यांशी, ज्यांच्या मालात ते कितीतरी पट जास्त आहे, आणि कारखान्यात रसायनांपासून बनवलेल्या बीटा कॅरोटीनशी. परवडणार नाही, सरळ सांगतो.

आणि परवडलं असतं तरी शेडमध्ये हेक्झेन नको म्हणजे नकोच. ते 69 अंशांना उकळतं पण पेट घ्यायला त्याला उकळायची गरज नाही, उणे 20 अंशांच्याही खाली त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत दूरच्या स्विचपर्यंत जाते. साधा पंखा, फ्रीझरचा कॉम्प्रेसर, मोबाइल चार्जर, काहीही पुरतं. त्यासाठी फ्लेमप्रूफ वायरिंग, बंद यंत्रणा, परवाने लागतात. यूट्यूबवर कोणी बादलीत करून दाखवत असेल तर तो व्हिडिओ बंद करा. इथेनॉल त्यामानानं बरं, खाण्याच्या मालाला चालतंही, पण त्यालाही राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि आग त्यालाही लागते. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडबद्दलही विचारलं होतंत, कार्बन डायऑक्साइड 31 अंश आणि 74 बारच्या वर नेला की तो सॉल्व्हंटसारखा वागतो, मागे काही राहत नाही, फार सुंदर तंत्र आहे, पण प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट दाबाला काम चालतं आणि यंत्र महाग, अस्टाझँथिनसारख्या महाग मालालाच ते शोभतं.

मग लगद्याचं काय. तो फेकायचा नाहीच. निळं निघून गेलं तरी त्यात प्रोटीन भरपूर उरतं, क्लोरोफिल, कॅरोटिनॉइड्स आणि गॅमा लिनोलेनिक अॅसिड हे फॅटी अॅसिड सगळं जागेवर असतं कारण यातलं काहीच पाण्यात गेलेलं नाही. तो सावलीत, पातळ थरात, त्याच दिवशी वाळवा, आता निळ्याची काळजी नाही त्यामुळे 50 अंशांचा ड्रायरही चालेल, आणि प्रोटीनची तपासणी करून कोंबडी खाद्य किंवा शोभेच्या माशांचं खाद्य बनवणाऱ्याला द्या. त्यातलं झिआझँथिन हे पिवळं कॅरोटिनॉइड कोंबडीच्या पोटातून थेट अंड्याच्या बलकात उतरतं, बलक गडद होतो, कोई माशांचा रंगही खुलतो. म्हणजे जे कॅरोटिनॉइड तुम्ही हेक्झेननं काढून परत खाद्यातच विकणार होतात ते असंच न काढता विकलं जातं. झेंडूच्या ल्युटीनचाही मोठा वापर हाच आहे.

झेंडूचं निघालंच आहे तर, कारण तुम्ही दसऱ्यानंतर पडून राहणाऱ्या फुलांचंपण विचारलं होतं. तिथे क्रम वेगळा, रंग तेलात विरघळणारा. फुलं आधी मुरघासासारखी हवाबंद दाबून आंबवतात, त्यानं पाकळ्यांच्या पेशी सैल होतात आणि पाणी दाबून काढता येतं, मग वाळवून, दळून, गोळ्या करून हेक्झेननं ओलिओरेझिन, म्हणजे रंगाचा घट्ट तेलकट अर्क, काढतात, आणि शुद्ध ल्युटीन हवं असेल तर अल्कोहोलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून साबणीकरण करतात कारण फुलात ल्युटीन फॅटी अॅसिडला जोडलेलं असतं. हे सगळं मोठ्या कारखान्याचं काम, ते कराराच्या शेतीतून खास गडद नारिंगी जातीची फुलं घेतात. हारातल्या मिश्र, पिवळ्या, दोन दिवस ट्रकमध्ये तापलेल्या फुलांत रंग कमी. तुम्हाला करायचंच असेल तर ताज्या नारिंगी पाकळ्या सावलीत वाळवून पावडर करा आणि तीसुद्धा त्याच कोंबडीवाल्याला द्या, बास. सांगलीच्या हळदीचं ओलिओरेझिनही याच मोठ्या कारखान्यांच्या जातीचं काम आहे, त्यात पडू नका.

ओल्या मालातून आधी पाण्यातलं काढून घ्यायचं आणि घट्ट भागाचं दुसरं काहीतरी करायचं, ही वाट आपल्याकडे आधीच चाललेली आहे. भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संशोधन संस्थेनं कप्पाफायकस नावाच्या समुद्री शेवाळावर हे केलं, ताजं शेवाळ चिरडून रस काढायचा, तो पिकांवर फवारायला, आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन, म्हणजे खाद्यपदार्थ घट्ट करायचा पदार्थ. आधी लोक शेवाळ किनाऱ्यावर वाळवून मगच कॅरागीननला पाठवायचे, सगळा रस उन्हात जायचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या शेतीनं कितीतरी घरं चाललीत. तुमचा माल वेगळा पण विचार तोच आहे, म्हणून मला तुमच्या टाक्यांबद्दल आशा वाटते.

तर आता लगेच काय करा ते सांगतो. जुनी पावडर जी शिल्लक आहे तिच्यावर रंगाचे प्रयोग थांबवा, ती पावडर म्हणूनच विकून टाका. एका टाक्यावर शेडनेट टाका, एक उघडं ठेवा, दोन आठवड्यांनी दोन्हीकडचा पाव पाव किलो लगदा वर सांगितल्याप्रमाणे गोठवून, वितळवून, वेगवेगळ्या भांड्यांत काढा आणि दोन्हीची चारही रीडिंग करून आणा. सुक्यावर 10 च्या आसपास किंवा वर आलं तर टाकं ठीक आहे, मग आईस्क्रीमवाल्याला सॅम्पल द्यायला हरकत नाही. 6 च्या खाली आलं तर तोच लगदा अजून एकदा ताज्या बफरमध्ये काढून बघा, दुसऱ्या खेपेला बरंच निळं आलं तर गोठवणं कमी पडलंय, पहिल्या खेपेसारखंच फिकं आलं तर नायट्रेट तपासा. आणि 620 भागिले 280 हे 0.7 च्या खाली राहिलं तर धुणं आणि निवळणं सुधारा, 652 च्या पुढे 675 ते 680 लाही एक रीडिंग घ्या, तिथे उंचवटा दिसला तर हिरवा भुगा अजून आत आहे. आकडे इथेच लिहा, पीएच आणि किती तास लागले तेपण लिहा, मी बघतो.